आमच्या गल्लीतली गिरणी आणि चाळीस गुंठे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या शनिवारी तुमच्या प्रॉपर्टीच्या पुरवणीत आमच्या सहकारनगरबद्दल वाचलं. टेकडी जवळ, स्वारगेट जवळ, आता मेट्रोही जवळ, शाळा, दवाखाने, भाजी, बँका सगळं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जुन्या बंगल्यांच्या जागी भराभर बिल्डिंगा होतायत आणि फ्लॅटला मागणी आहे असं त्यात होतं. खोटं काही नाहीये त्यात. पण मी या गल्लीत १९९१ पासून राहते, सून म्हणून आले ती आता माझीच सून यायची वेळ झाली, आणि गेल्या चार वर्षांत हाकेच्या अंतरावरच्या गोष्टी एकेक करून कशा उठल्या ते रोज डोळ्यांनी बघतेय, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी घराबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या हे पुण्यात कुणाला सांगायला नको. माझ्या सासूबाई तेव्हा वीस वर्षांच्या, लग्नाला सहा महिने झालेले, नारायण पेठेत वाड्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. पाणी उंबऱ्याला लागलं तसं सासरे म्हणाले देव घे आणि चल, आईंनी देव ताम्हनासकट पदरात बांधले आणि दोघं तशीच उंचावरच्या नातेवाइकांकडे गेली. परत आले तेव्हा वाड्याच्या मागच्या भिंती बसलेल्या आणि घरात कमरेएवढा गाळ, भांडी नाहीत, कपडे नाहीत, लग्नातला फोटोसुद्धा नाही. गाळ उपसता उपसता एकच वस्तू धड निघाली, दगडी जातं. पाण्याला ते उचललंच नसेल. ते जातं अजून आमच्या मागच्या अंगणात जांभळाखाली आहे, त्यावर आई हरताळकेला हळदकुंकू वाहतात.

त्यानंतर काही महिने शाळेच्या वर्गात, मग पत्र्याच्या अर्धगोल निसेन हटमध्ये, आणि मग सरकारनं पूरग्रस्तांना सोसायट्या करून जागा दिल्या त्यात पर्वतीच्या मागे हा तीन गुंठ्यांचा प्लॉट. आधी दोन खोल्या आणि वर पत्रा, मोरी बाहेर. १९७४ ला स्लॅब पडला, १९८८ ला बँकेचं कर्ज काढून वरचा मजला चढवला. सगळ्यांची घरं अशीच झाली, थोडीथोडी, बोनस मिळाला की एक खोली, मुलाचं लग्न ठरलं की एक खोली. दिसायला काही खास नाहीत ही घरं. पुढे तुळस, कडेला पारिजातक, मागे एखादा आंबा नाहीतर जांभूळ, गेटवर पत्र्याची पेटी.

आता मुद्द्याचं. सासरे सोसायटीचे सेक्रेटरी होते त्यामुळे जुन्या मीटिंगांची वही आमच्याकडे आहे, निळ्या शाईतली, कडा खाल्लेली. मी ती मागच्या महिन्यात कपाट आवरताना परत वाचून काढली. सुरुवातीच्या वर्षांत ही माणसं कशावर बोलत होती माहितीये का? प्लिंथ आणि सिमेंटवर बोलत होतीच, पण त्याच्या बरोबरीनं पोस्टाची पेटी कुठे बसवायची, दूध केंद्राला कुणाच्या प्लॉटच्या कडेला जागा द्यायची कारण बाटल्या घ्यायला पहाटे बायकांना लांब जायला लागतं, मुलांना खेळायला कोपऱ्यावरचा तुकडा मोकळा ठेवायचा आणि त्यावर कुणी बांधकामाचं सामान टाकायचं नाही. आणि एक ठराव पिठाच्या गिरणीचा आहे. त्यात लिहिलंय की रस्त्याच्या तोंडाशी एक गाळा सोसायटीनं बांधून द्यायचा आणि भाडं कमी घ्यायचं पण दळण सकाळी आठ ते संध्याकाळी आठ चालू पाहिजे. ज्या लोकांचं दोन-चार वर्षांपूर्वी सगळं वाहून गेलं होतं, ज्यांच्या स्वतःच्या घराला अजून दार नव्हतं, त्यांनी वर्गणी काढून आधी गिरणीला भिंती घातल्या. ते पान वाचताना माझ्या घशाशी आलं, खरं सांगते.

ती गिरणी आमच्या गेटपासून एकशेवीस पावलांवर होती. साठेक वर्षं चालली, बाप गेला मग मुलगा बसला. ज्यांना गिरणी म्हणजे नुसतं पीठ दळायचं मशीन वाटतं त्यांच्यासाठी सांगते. आत गेलं की पट्ट्याचा तो फट फट आवाज, खालच्या कापडी पिशवीतून पीठ पडताना येणारा गरम खमंग वास, गिरणीवाल्या भाऊंच्या भुवया आणि पापण्यासुद्धा पांढऱ्या. भिंतीला लागून डब्यांची रांग, प्रत्येकावर ऑइलपेंटनं आडनाव, नाहीतर खडूनं, आणि डब्यात वर चिठ्ठी, गहू बारीक, ज्वारी, चकलीची भाजणी. चिठ्ठी नसली तरी त्यांना माहिती असायचं की अमक्यांकडे सोजीसारखं जाड लागतं आणि आमच्याकडे पुरणपोळीच्या वेळी दोनदा चाळलेलं. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, उपासाची भाजणी सकाळी सगळ्यात आधी धुतल्यासारख्या स्वच्छ दगडावर. दगडाला टाकी लावायची, म्हणजे झिजलेला दगड टाचून परत खरबरीत करायचा असला की आदल्या दिवशी पाटीवर लिहिणार, उद्या दळण दुपारनंतर. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस तर तिथे उभं राहायला जागा नसायची आणि तिथेच कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाची मुलगी बाळंतपणाला आलीये, कुणाला स्वयंपाकाला बाई पाहिजे सगळं कळायचं.

आणि ज्वारीचं पीठ ताजंच लागतं हो. दुकानातलं पाकिटातलं पीठ किती दिवसांचं असतं काही कळत नाही, विरी गेलेली असते, भाकरी थापायला घेतली की कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना तुटते. आईंना डॉक्टरांनी ज्वारीची भाकरी सांगितलीये. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि दीड वर्षापूर्वीपर्यंत दर चार दिवसांनी दोन किलोचा डबा घेऊन स्वतः गिरणीत जायच्या, काठी टेकत, वाटेत दोन ठिकाणी थांबत. तेवढंच त्यांचं बाहेर जाणं होतं.

रस्त्याच्या तोंडाशी ज्या प्लॉटला लागून गिरणी होती तो प्लॉट आणि गाळा मिळून रिडेव्हलपमेंटला गेले. मी कुणालाही दोष देत नाही. त्या घरात तीन भाऊ, छत गळतंय, खर्च कोण करणार, त्यांनी जे केलं ते आम्हीपण करू. नवीन बिल्डिंग चांगली झालीये, लिफ्ट आहे, सोलर आहे. पण खालचा अख्खा मजला पार्किंग आहे. प्रत्येक फ्लॅटला गाड्यांची जागा दाखवायलाच लागते नियमानं, तीन गुंठ्यात ती दुसरीकडे कुठून आणणार, त्यामुळे खाली खांब आणि गाड्या. छोट्या दुकानाला नियमाची काही आडकाठी नसते पण गाळा काढला की पार्किंग कमी पडतं, आणि गाळा काढलाच तरी आजच्या भावानं तो दळण करणाऱ्या माणसाला परवडत नाही. गिरणीवाल्यांना पैसे मिळाले आणि ते गावाला गेले. जाताना त्यांनी सगळ्यांचे डबे घरोघरी आणून दिले, आमचा डबा आईंच्या हातात दिला आणि पाया पडले. त्या दिवशी आई जेवल्या नाहीत.

गिरणीबरोबरच बाकीचं गेलं. गिरणीच्या वरच्या खोलीत आमचे फॅमिली डॉक्टर बसायचे, माझ्या मुलाला पहिलं इंजेक्शन त्यांनी दिलेलं, त्यांनी वय झालं म्हणून आणि जागा गेली म्हणून प्रॅक्टिस बंद केली. गुलमोहराखाली इस्त्रीवाल्याची टपरी होती, आता तिथे नवीन बिल्डिंगचं गेट आहे. सोसायटीच्या ऑफिसमध्ये वाचनालय होतं, रोज सकाळी दहा-बारा आजोबा पेपर वाचायला यायचे, तुमचाही पेपर तिथे यायचा. त्या ऑफिसात आता डिझेलवरचा जनरेटर आणि पाण्याच्या पंपाचं पॅनल आहे. शिंपी गेले. बांगड्यावाली गेली. किराण्याचं एक दुकान राहिलंय, त्या मालकालाही ऑफर आलीये असं तो परवा सांगत होता.

आता मी जे सांगणार आहे ते कृपया नीट वाचा, कारण माझ्या मते सगळं इथे अडलंय. माझा पुतण्या आर्किटेक्ट आहे, त्याच्याकडून मी हे समजून घेतलं. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची जी एकत्रित विकास नियमावली आली, ज्याला सगळे युनिफाईड डीसीपीआर म्हणतात, त्यात ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर काही करायचं तर १० टक्के मोकळी जागा सोडायलाच लागते, झाडं लावायला, मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला. ०.४ हेक्टर म्हणजे साधारण चाळीस गुंठे. आमचे प्लॉट तीन तीन गुंठ्यांचे. म्हणजे कुणालाच काही सोडायला लागत नाही, सगळं कायदेशीर.

पण आमच्या गल्लीत अठरा बंगले आहेत. अठरा त्रिक चौपन्न गुंठे. हीच जमीन एखाद्याकडे एकसंध असती आणि त्यानं तिथे बिल्डिंगा बांधल्या असत्या तर त्याला पाच गुंठ्यांच्या वर जागा मोकळी ठेवायला लागली असती, म्हणजे जवळजवळ सहा हजार स्क्वेअर फूट. आमच्याकडे त्या जागी शून्य आहे, कारण बंगले एकेक करून पडतायत. आत्तापर्यंत सात पडले. एका बंगल्यात पूर्वी पाच-सहा माणसं राहायची, आता त्या जागी दहा-बारा फ्लॅट. अठराचे अठरा झाले की जिथे शंभर माणसं होती तिथे सात-आठशे होतील. त्यांची मुलं असतील, म्हातारे आईवडील असतील, गाड्या असतील, कचरा असेल, त्यांना पाणी लागेल, आणि हो, दळणही लागेल. एवढ्या माणसांसाठी गल्लीनं एक बाकसुद्धा ठेवायची कुणावर सक्ती नाही.

प्लॉट वेगळे आहेत, सात-बारा वेगळे असतील, पण रस्ता एकच आहे ना, ड्रेनेज एकच आहे, बसस्टॉप एकच आहे. मग मोजताना प्रत्येक प्लॉट वेगळा का मोजायचा?

नवीन बिल्डिंगच्या माहितीपत्रकात ॲमिनिटीज म्हणून काय असतं ते मी बघितलंय, आमच्याकडेही तीन बिल्डरांची आलीयेत. टेरेसवर जिम, योगा डेक, सीनियर सिटिझन सिटिंग, मुलांना रबरी फरशीचा कोपरा. वाईट नाहीये काही. पण ते सगळं त्या बारा घरांपुरतं कुलपाच्या आत. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाला इथल्या घसरगुंडीवर बसता येत नाही आणि या बिल्डिंगमध्ये त्या वयाची मुलं आहेत दोन. माझा मुलगा लहान असताना कोपऱ्यावरच्या मोकळ्या तुकड्यावर वीस-पंचवीस पोरं असायची, लगोरी, क्रिकेट, मे महिन्यात रात्री अकरापर्यंत आरडाओरडा. तो तुकडा अजून आहे, वहीतल्या ठरावामुळे राहिला असं मी म्हणते, पण सध्या त्यावर एका साईटच्या विटा आणि वाळू आहे आणि बाकीच्या जागेत चारचाकी लावलेल्या असतात.

चालण्याचं तर विचारू नका. महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं होतं, ते चांगलं आहे, मी वाचलंय. इंडियन रोड काँग्रेसचं मापही आहे की फूटपाथवर चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी पाहिजे. मी एका रविवारी सकाळी आईंच्या शिवणाच्या टेपनं आमच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंतचा फूटपाथ मोजला, लोक बघत होते, बघू देत. जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे एक मीटर दहा सेंटिमीटर. विजेच्या डीपीपाशी अडतीस सेंटिमीटर. नवीन बिल्डिंगांच्या गेटसमोर गाड्यांना चढायला रॅम्प केलेत तिथे फूटपाथ आहेच कुठे, उतार आहे नुसता, काठी घेऊन चालणारं माणूस आडवं कलतं. अडतीस सेंटिमीटरमधून आई कशा जाणार? त्या रस्त्यावर उतरतात, आणि तिथे टँकर.

टँकरचंही तेच. आमच्या घराला एक टाकी पुरायची, दोन दिवस पाणी आलं नाही तर बादल्या भरून ठेवायच्या. आता उन्हाळ्यात सकाळी सहापासून गल्लीत टँकर उभे. दोन महिन्यांपूर्वी रात्री समोरच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं, ॲम्ब्युलन्स आली ती वळणावरच अडकली कारण एकीकडे दुहेरी पार्किंग आणि दुसरीकडे साईटवर काँक्रीटचा मिक्सर उभा. शेवटी स्ट्रेचर हातानं नेलं, गल्लीतली पोरं धावली, मी पुढे टॉर्च धरून. काका बरे आहेत, देवाची कृपा. कागदावर हा रस्ता नऊ मीटरचा आहे आणि नऊ मीटर आहे म्हणूनच इथे टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क विकत आणून, तो वापरून एवढे मजले चढवता येतात. पण त्या रात्री आम्हाला त्यातले तीन मीटरसुद्धा मिळाले नाहीत.

पाण्याचं अजून एक सांगायचं राहिलं. आंबील ओढा आमच्यापासून लांब नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय झालं ते अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगरच्या लोकांना विचारा. गाड्या एकमेकींवर चढलेल्या, भिंती पडल्या, माणसं गेली. आमच्या गल्लीत गुडघ्याएवढं पाणी होतं आणि आई जिन्याच्या चौथ्या पायरीवर देव मांडीत घेऊन बसल्या होत्या, परत. तेव्हा एक गोष्ट मी स्वतः पाहिली, ज्या घरांच्या भोवती माती होती, अंगण होतं, तिथलं पाणी सकाळपर्यंत जिरलं, आणि जिथे गेटपासून भिंतीपर्यंत सगळं पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट होतं तिथलं पंपानं काढायला लागलं. आता प्रत्येक प्लॉट कडेपासून कडेपर्यंत काँक्रीट होतोय. पुरातून उठून आलेल्या लोकांची ही वसाहत आहे, निदान इथे तरी मातीचा विचार आधी व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कुणी म्हणेल तुम्ही जुन्याला धरून बसलाय. तसं नाहीये. आमचंही घर पडणार आहे, बहुतेक पुढच्या वर्षी. वरच्या मजल्याचं छत तीन ठिकाणी गळतं, आईंना जिना चढता येत नाही, मुलगा हिंजवडीला जातो येतो आणि लग्न झाल्यावर त्याला स्वतंत्र घर पाहिजे, आमच्या दोघांच्या पेन्शनमध्ये घराची दुरुस्ती झेपत नाही. फ्लॅटमध्ये राहायला आलेले लोकही चांगले आहेत, एक मुलगी नवीन राहायला आलीये लातूरची, तीच मला विचारत होती, काकू इथे जवळ गिरणी कुठेय, आईनं गावाहून ज्वारी पाठवलीये. मी काय सांगणार? सगळ्यात जवळची गिरणी आता दीड किलोमीटरवर, मोठा रस्ता ओलांडून. एवढ्या जवळ यायला रिक्षावाले तयार होत नाहीत. तिला मी माझ्याबरोबर स्कूटरवर घेऊन गेले, दोघींचे डबे मध्ये धरून.

बाहेरचं मोठं तर सगळं आहेच आमच्याकडे, ते मी नाकारत नाही. तळजाईच्या टेकडीवर पहाटे मोर ओरडतात ते आमच्या गच्चीत ऐकू येतं. पर्वती आहे, सारसबाग आहे, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहून जमिनीखालून मेट्रो सुटते, मी पहिल्याच आठवड्यात आईंना घेऊन जाऊन आले, नदीच्या खालून गाडी जाते हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. पण तिथे पोचायला घरापासून रिक्षाच करायला लागते. टेकडी आणि मेट्रो कुठे उठून जाणार नाहीत, त्यांची बातमी होते, त्यांना बजेट मिळतं. गिरणी, इस्त्री, दवाखान्याची खोली, पेपर वाचायची जागा, बाक, मुलांचा तुकडा, यांची कुठे नोंदच नाही. म्हाताऱ्या माणसाचा आणि लहान मुलाचा सगळा दिवस या दोनशे पावलांत जातो.

माझं मागणं असं आहे आणि ते मी क्षेत्रीय कार्यालयातही लेखी दिलंय. जुन्या बंगल्यांच्या सोसायट्यांमध्ये परवानगी देताना अख्खी वसाहत एक धरून मोजा. कुणाच्या तीन गुंठ्यांतून जागा काढा असं नाही म्हणत मी, ते शक्यही नाही. पण प्रत्येक प्लॉट वाढीव बांधकामासाठी महापालिकेला प्रीमियम भरतो, त्यातला ठरावीक भाग त्याच गल्लीसाठी वेगळा ठेवा आणि त्यातून फूटपाथ करा, डीपी बॉक्स सरकवा, आहे तो मोकळा तुकडा कुंपण घालून मुलांना परत द्या. दुसरं, जो बिल्डर खाली एखादा गाळा गिरणी, दवाखाना, वाचनालय अशा कामासाठी सोसायटीच्या मालकीचा ठेवेल त्याला तेवढ्या गाळ्यापुरतं पार्किंग माफ करा आणि तो गाळा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशोबात, धरू नका. एवढंच. आमच्या जुन्या लोकांनी साठच्या दशकात वर्गणी काढून जे केलं ते नियमात बसवा म्हणजे पुढच्यांना करता येईल.

आणि वसाहतीतल्या लोकांनाही सांगायचंय. करार करताना आपण कार्पेट म्हणजे आतली वापरायची जागा किती, भाडं किती, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून एकरकमी पैसे किती, पझेशन कधी हे चारच प्रश्न विचारतो, मीसुद्धा पहिल्या मीटिंगला तेच विचारले. दुसऱ्या मीटिंगला मी वही घेऊन गेले आणि गिरणीचा ठराव वाचून दाखवला. बिल्डरकडचा मुलगा तरुण होता, त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला काकू, शेजारचे दोन प्लॉट बरोबर आले तर खाली दीडशे स्क्वेअर फुटांचा गाळा निघू शकतो, एकट्या प्लॉटमध्ये नाही बसत. म्हणजे तीन घरं एकत्र आली तर एक गिरणी. सध्या मी रोज संध्याकाळी डाव्या आणि उजव्या बाजूच्या घरी जाऊन बसते. उजवीकडच्यांचा होकार आलाय. डावीकडच्यांची मुलगी अमेरिकेत असते, तिची सही लागते, ती दिवाळीत येणारे.

जांभळाचंही बघायचंय. सासऱ्यांनी १९६६ मध्ये लावलेलं, म्हणजे पन्नासच्या वरचं झालं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या पुढच्या झाडाला कायद्यात हेरिटेज वृक्ष म्हणतात, ते सहजासहजी तोडता येत नाही. तीन प्लॉट एकत्र आले तर प्लॅन जरा सरकवून ते मागच्या कोपऱ्यात वाचतं असं पुतण्या म्हणतो. त्याखालची दोन हात माती तशीच ठेवा, जातं तिथेच राहू दे, एवढं मी करारात लिहून मागितलंय.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला नवीन प्रोजेक्टचे भाव येतात. एकदा तुमच्या प्रतिनिधीला आमच्याकडे पाठवा, सकाळी नऊच्या सुमाराला, टेप मी देते. आणि हे पत्र लांबलंय हे मला कळतंय, जागेसाठी कापायला लागलं तर माझ्या घराचं कापा, पण गिरणीचा ठराव आणि चाळीस गुंठ्यांचा हिशोब तेवढा ठेवा.

आपली,
एक जुनी वाचक
सहकारनगर, पुणे